दोन रिंगांचं उत्तर

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. ऑफिसात नवीन कुणी आलं की पहिल्याच आठवड्यात त्याच्या कानात सांगितलं जातं, की हिच्यासमोर ‘बहुतेक’ हा शब्द काढू नकोस. मी इंटरनेटवरून होणाऱ्या फोनच्या सिग्नलिंगचं काम करते. तुम्ही फोनवर काय बोलता त्याच्याशी माझा काडीचा संबंध नाही. बोलणं जुळवायला आणि संपवायला दोन्हीकडची यंत्रं एकमेकांना जे निरोप पाठवतात, तेवढंच माझं खातं. पंचवीस वर्षं झाली. फ्रीमाँटहून फ्रीवेवर गाड्यांच्या रांगेत बसून जायचं, दिवसभर यंत्रांची भांडणं सोडवायची, आणि त्याच रांगेतून परत यायचं.

नव्या लोकांना मी एकच गोष्ट बजावून सांगते. विनंती म्हणजे डायलॉग नव्हे. तुम्ही फोन लावता तेव्हा पलीकडे एक विनंती जाते, की या, बोलू या. पलीकडचं यंत्र कळवतं, ‘वाजतोय’. कुणी उचलला की ते म्हणतं, ‘ओके’. मग आपल्या यंत्राने सांगायचं, ‘तुझं ओके पोचलं’. विनंतीवर फक्त पाठवणाऱ्याची खूण असते. समोरच्याने स्वतःची खूण लावून उत्तर दिलं, की दोन खुणांचा मिळून डायलॉग होतो. नुसता वाजत असेल तोवर कच्चा, उचलला की पक्का. कच्चा असताना लावणाऱ्याने फोन ठेवला तर जातो तो कॅन्सल. पक्का झाल्यावर कॅन्सल चालत नाही, रीतसर बाय म्हणावं लागतं. हे मी इतक्या वेळा बोलले आहे, की झोपेत विचारलं तरी सांगेन. आणि जिथे समजायला हवं होतं तिथे मला यातलं डोंबल काही समजलं नाही.

माझे काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, शिकागोजवळ शॉमबर्गला राहतात. तरुणपणी इंजिनिअर म्हणून आले आणि तिथेच रिटायर झाले. मूलबाळ नाही. मी सांगलीहून एमएस करायला आले तेव्हा पहिलं वर्ष त्यांच्याच घरी राहिले. मला गाडी चालवायला त्यांनी शिकवलं, बर्फात ब्रेक कसा मारायचा ते शिकवलं, आणि पहिल्या इंटरव्ह्यूच्या दिवशी काकूंनी माझे केस दोनदा विंचरले, लहान मुलीसारखे. आईवडील तिकडे होते, इकडे हे दोघं. माझं इथलं सगळं यांच्यामुळे झालं, यात अतिशयोक्ती नाही.

त्यांच्या पिढीतल्या इथल्या मराठी घरांत एक रिवाज होता. कुणाकडे जेवून निघालं, बाहेर रस्ते निसरडे असले, की यजमानीण दारात उभी राहून म्हणायची, “पोचलात की दोन रिंगा द्या हं!” घरी पोचल्यावर त्यांचा नंबर लावायचा, दोन रिंगा होऊ द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. पलीकडे कुणी उचलायचं नाही. दोन रिंगा म्हणजे सुखरूप पोचलो. मग यजमान उलट दोन रिंगा देत. म्हणजे कळलं, आता निवांत पडा. एक शब्द न बोलता फुकटात निरोप पोचायचा. मी वेगळ्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेले, तेव्हा रोज संध्याकाळी लॅबमधून परतल्यावर मी काकांना दोन रिंगा द्यायची, आणि बूट काढेपर्यंत त्यांच्या दोन रिंगा यायच्या.

काकू गेल्या, त्याला आता सहा वर्षं झाली. काका एकटे पडले. फ्रीमाँटला आमच्याकडे या म्हटलं तर म्हणाले, “तुमच्या टाउनहाऊसच्या पायऱ्या चढण्यापेक्षा मी इथे माझा बर्फ काढीन.” पडलं तर आपोआप मदत बोलावणारं एक घड्याळ मी त्यांना घेऊन दिलं. ते त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवलं. आणि रोज चार्ज करून ठेवत! “चार्ज केलेलं असतं हो, तुला वाईट वाटायला नको म्हणून,” म्हणाले. आता अशा माणसाशी काय भांडायचं? शेवटी त्यांनीच तोड काढली. “रोज सकाळी उठलो की तुला दोन रिंगा देईन. तू दोन दे. नाही आल्या माझ्या, तर समज.”

झालं. रोज सकाळी साडेसातला त्यांच्या रिंगा. पण मी पश्चिम किनाऱ्यावर, त्यांचे साडेसात म्हणजे माझे साडेपाच! माझं काम भारतातल्या टीमबरोबर, त्यामुळे मला झोपायलाच उशीर, आणि पन्नाशीतली झोप ती, एकदा मोडली की मोडली. उशाशी फोन वाजायचा, मी डोळे मिटूनच दोन रिंगा परत द्यायची आणि छताकडे बघत पडायची. नवरा कुशीवर वळून म्हणायचा, “अगं, एखादा कोंबडा पाळला असता तर निदान रविवारी कापता तरी आला असता.” आम्ही हसायचो. पण मी आतून चिडायला लागले होते, हे खरं. एकदा मी काकांना म्हटलंही, “काका, आठला नाही का चालणार?” ते म्हणाले, “आठपर्यंत मी काय करू?” मला वाटलं, हट्टीपणा आहे, दुसरं काय.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तसं माझं झालं. मीच त्यांच्या घरचा जुना वायरचा फोन इंटरनेटवर घेऊन दिला होता, आणि त्याचे कॉल माझ्या गॅरेजमधल्या एका छोट्या सर्व्हरवरून जात. तांदळाच्या पोत्याशेजारी फळीवर ठेवलेला डबा तो. एका शनिवारी दुपारी मी बसले आणि एक प्रोग्रॅम लिहिला. त्यांच्या वेळेने सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान काकांचा फोन आला, तर माझा फोन वाजवायचा नाही. प्रोग्रॅमने नुसतं ‘वाजतोय’ म्हणायचं. काकांनी दोन रिंगांत ठेवला, म्हणजे कॅन्सल आला, की ते ठीक आहेत असं धरायचं, माझ्या स्क्रीनवर हिरवी खूण लावायची, आणि आपणहून त्यांचा फोन उलट दोन रिंगा वाजवून कॅन्सल करायचा. तिसरी रिंग झाली तर मात्र त्यांना बोलायचं आहे, तेव्हा माझा मोबाइल वाजवायचा. आणि साडेआठपर्यंत फोनच आला नाही, तर मला उठवायचं.

काका कधीकधी विसरून पुन्हा रिंगा द्यायचे. त्याचीही मी सोय केली. आमच्या कामात हे नेहमीचं असतं. उत्तर पोचलं नाही, तर यंत्र तीच विनंती पुन्हा पाठवतं. दुसऱ्या बाजूने ती ओळखायची, नवीन समजायची नाही, आणि तेच उत्तर पुन्हा द्यायचं. मी तेच काकांना लावलं. पुन्हा रिंगा आल्या तर पुन्हा दोन रिंगा द्यायच्या, मला त्रास द्यायचा नाही. एका सकाळी एकच हिरवी खूण. नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला, “वा! काकांना सांगितलंस का?”

नाही सांगितलं. सांगणार होते. मग वाटलं, सांगितलं की रुसतील, ‘मशीनला कशाला सांगू मी जिवंत आहे म्हणून’ असं काहीतरी बोलतील. त्यांना रिंगा मिळाल्याशी मतलब. रविवारी दुपारी मी स्वतः फोन करायचेच, तासभर बोलायचो. मग सकाळच्या दोन रिंगा कोण देतंय याने काय बिघडतं? असं मी स्वतःला समजावलं आणि दीड वर्ष छान झोपले.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. सव्वानऊच्या सुमारास, म्हणजे काकांकडे सव्वाअकराला, डॉक्टरकाकूंचा फोन आला. या काकांच्या गल्लीतल्या, रिटायर झालेल्या डॉक्टर. हिवाळ्यात तिथली ज्येष्ठ मंडळी रोज सकाळी मॉलमध्ये चालायला जातात, दुकानं उघडायच्या आधी. त्या दिवशी काका आले नाहीत, फोन लावला तर नुसता एंगेज. म्हणून परतताना त्या त्यांच्या घरी गेल्या. गॅरेजचं दार उघडायचा नंबर त्यांना ठाऊक होता.

“अगं, काका किचनमध्ये जमिनीवर सापडले,” त्या म्हणाल्या. आवाज एकदम सपाट, डॉक्टरांचा. “उजवी बाजू गेलीय, बोलता येत नाहीये. स्ट्रोक दिसतोय. शुद्धीवर आहेत. ॲम्ब्युलन्स निघाली, मी मागून चाललेय. मला एक सांग, सकाळी तुला त्यांच्या रिंगा आल्या होत्या ना?”

मी स्क्रीनकडे पाहिलं. हिरवी खूण होती. “हो काकू, आल्या होत्या,” मी म्हणाले, अगदी ठामपणे. “साडेसातला ठीक होते.”

थोड्या वेळाने हॉस्पिटलमधून तिथल्या डॉक्टरचा फोन आला. तरुण आवाज, भराभर बोलणारा. स्ट्रोकमध्ये रक्ताची गुठळी विरघळवायचं एक औषध असतं, पण ते ठरावीक तासांच्या आतच देता येतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. त्यामुळे पेशंट शेवटचा ठीक कधी होता, हे त्यांना नक्की हवं होतं. मी म्हटलं, “सात एकतीस. थांबा, सेकंदासकट सांगते,” आणि लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरने लिहून ठेवलेली प्रत्येक निरोपाची नोंद, काकांच्या तिकडच्या वेळेप्रमाणे. सात एकतीसला कॉल होता. त्याच्याखाली सात बावन्नला होता. मग सात त्रेपन्नला. सत्तावन्नला. आठ एकला, आठ सहाला, आठ चौदाला.

सात वेळा. काकांनी सात वेळा फोन केला होता. माझ्या प्रोग्रॅमने पहिल्याला हिरवी खूण लावली होती आणि उरलेले सहा ‘पुन्हा आलेले’ म्हणून बाजूला टाकले होते.

डॉक्टर विचारत होता, “सात एकतीसला तुम्ही त्यांच्याशी बोललात?”

“बोलले नाही. त्यांचा फोन आला होता. ते रोज फोन करतात आणि ठेवतात.”

“पण तुम्ही उचलला?”

“नाही.”

“मग दुसऱ्या कुणी? त्यांचा आवाज ऐकलेलं कुणी?”

लॉगमध्ये वेळ होती, रिंगा होत्या, कॅन्सल होता, सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदलेलं होतं. मी म्हणाले, “एका प्रोग्रॅमने.” तो अगदी सभ्यपणे म्हणाला, की याच्यावर मी विसंबू शकत नाही, मॅम. आदल्या संध्याकाळी डॉक्टरकाकू त्यांच्याशी बोलल्या होत्या, तीच शेवटची ठीक असल्याची वेळ धरावी लागेल. तसं धरलं तर फार तास उलटले होते. स्कॅन बघून त्यांनी ते औषध न द्यायचं ठरवलं.

मी मीटिंग रूममधून बाहेर आले आणि जिन्यात बसले. रडू आलं नाही. इतका संताप आला होता, आणि ज्याच्यावर काढायचा ते माणूस मीच होते. काहीही न करता नुसती झोपून राहिले असते, तर पहाटे माझ्या उशाशी सात वेळा फोन वाजला असता. सात वेळा! कुठल्याही अडाणी माणसाला कळलं असतं, की काहीतरी झालंय. त्यासाठी इंजिनिअर व्हावं लागत नाही. यंत्राने तीच विनंती पुन्हा पाठवणं वेगळं, आणि माणसाने नव्याने नंबर फिरवून पुन्हा फोन करणं वेगळं. प्रत्येक वेळचा कॉल नवा होता, त्याचा नंबर नवा, खूण नवी. ऑफिसात कुणी ही गल्लत केली असती, तर मी त्याला सगळ्यांसमोर सोलून काढलं असतं.

दुपारच्या विमानाने निघाले. विमानात लॅपटॉप उघडून तो लॉग ओळीओळीने वाचला. नवरा म्हणाला होता, नको वाचूस, पण मला राहवेना. सात एकतीसचा कॉल नेहमीसारखा होता, पूर्ण दोन रिंगा, मग कॅन्सल. म्हणजे तोपर्यंत ते बहुधा ठीक असावेत. हो, ‘बहुधा’. पुढचे वेडेवाकडे होते. एक तीन सेकंदांत तुटलेला, एक दीड रिंगेत. एकदाही तिसरी रिंग नव्हती. तिसरी झाली असती तर माझा मोबाइल वाजला असता. पण काकांच्या हाताला दोनचीच सवय. आणि माझ्या प्रोग्रॅमने दर वेळी इमानेइतबारे उत्तर दिलं होतं. त्यांनी बोलावलं, याने दोन रिंगा दिल्या. पुन्हा बोलावलं, पुन्हा दोन रिंगा. कळलं. कळलं. कळलं.

आठ चौदानंतरच्या उत्तरावर मी थांबले. प्रोग्रॅमने त्यांचा फोन वाजवला होता, दोन रिंगा संपत आल्या होत्या, आणि त्याने कॅन्सल पाठवला. त्याच क्षणी पलीकडून ‘ओके’ निघालं होतं. दोन्ही निरोप वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. काकांनी फोन उचलला होता. रिवाज मोडून त्यांनी पहिल्यांदाच उचलला होता. आता नियम असा आहे, की ओके आलं म्हणजे डायलॉग पक्का झाला, कॅन्सलला अर्थ उरत नाही. तेव्हा ओके पोचल्याचं कळवायचं आणि संपवायचं असेल तर बाय पाठवायचा. हा भाग मी स्वतः नीट तपासून लिहिला होता, मोठ्या अभिमानाने. प्रोग्रॅमने ‘पोचलं’ म्हटलं आणि लगेच बाय पाठवला. दीड वर्षात काकांचा आणि त्या यंत्राचा पक्का झालेला तो एकच डायलॉग, दोन्ही खुणांसकट. अर्धा सेकंदसुद्धा टिकला नाही. त्यानंतर रिसीव्हर परत जागेवर ठेवल्याची खूण कुठे नाही. डॉक्टरकाकूंना एंगेज लागत होता तो त्यामुळेच. मी लॅपटॉप मिटला. शेजारच्या बाई विचारायला लागल्या, बरं वाटत नाहीये का. मी म्हटलं, नाही, नाही वाटत.

काका वाचले. उजवा हात आणि पाय लुळे, बोलणं गेलेलं. समजत सगळं होतं, शब्द सापडत नव्हते. पंधरा दिवसांनी त्यांना रिहॅबमध्ये हलवलं. मी त्यांच्याच घरी मुक्काम टाकला, सकाळी तिथून ऑफिसचं काम, दुपारपासून त्यांच्याजवळ. बोलायला शिकवणारी बाई इंग्लिशमध्ये शिकवायची, आणि काकांचे शब्द परत आले ते मात्र आधी मराठीत. पाणी. नको. पुरे. मग एक दिवस डॉक्टरकाकू आणि मी दोघी बसलेल्या असताना ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, “रिंगा… आल्या.” आणि डॉक्टरकाकूंकडे बोट केलं. “हिने… तुला… पाठवलं.” मग डाव्या हाताने माझ्या हातावर थोपटलं. तोंडाचा वाकडा झालेला कोपरा हसण्यासाठी ओढला जात होता.

मला कळलं, ते काय समजून बसले होते ते. त्यांनी बोलावलं आणि माझ्या रिंगा आल्या, म्हणजे पोरीला कळलं, आता कुणीतरी येईल. म्हणून शेवटी ते नुसते पडून राहिले वाट बघत. तीन तास. आणि डॉक्टरकाकू आल्या, म्हणजे मीच धाडल्या.

डॉक्टरकाकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पार्किंगमध्ये गाडीशी आल्यावर म्हणाल्या, “मला कुणी पाठवलं नव्हतं, हे तुला माहीत आहे आणि मलाही. मी त्यांना सांगणार नाही. ते तुझं काम आहे.”

“काकू, औषध वेळेवर मिळालं असतं तर…”

“असतं तर काय झालं असतं, ते मला विचारू नकोस,” त्या म्हणाल्या. “मी खोटं बोलणार नाही आणि खरं तुला झेपणार नाही.”

रात्रीच्या फोनवर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “आता कशाला उकरतेस? त्यांना समाधान आहे ना, की तुला कळलं होतं? राहू दे ना यार.” मला ते पटवून घ्यायचं होतं, अगदी मनापासून. तीन आठवडे मी पटवून घेतलं. रोज काका माझ्या हातावर थोपटायचे, नर्सला सांगायचे, “माय… गर्ल. शी… न्यू.” माझ्या पोरीला कळलं होतं, म्हणून. नर्स म्हणायची, हाउ लकी यू आर. रोज मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारायची. चोर तो चोर वर शिरजोर, अशी मला माझी किळस यायला लागली.

एका शनिवारी दुपारी त्यांना खुर्चीत बसवलं होतं. पायावर शाल. मी दार लावून घेतलं, त्यांच्या डाव्या बाजूला स्टूल ओढलं आणि सांगितलं. न थांबता, कारण थांबले असते तर राहिलं असतं. सर्व्हर, प्रोग्रॅम, हिरवी खूण, सात फोन. की माझा फोन वाजलाच नाही. मी झोपले होते. तुम्हाला आलेल्या रिंगा मी दिल्या नव्हत्या काका, त्या मशीनने दिल्या होत्या. डॉक्टरकाकूंना मी पाठवलं नव्हतं. तुम्ही शेवटी फोन उचललात, आणि माझ्या मशीनने तो तुमच्या कानाशी बंद केला.

ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता त्या दिवसाबद्दल विचारतील. ओरडतील, शब्द नाही सापडला तर हात आपटतील. त्याला मी तयार होते. खरं म्हणजे मला तेच हवं होतं.

बराच वेळ त्यांचे ओठ नुसते हलले. मग म्हणाले, “कधी… पासून?”

मला आधी समजलंच नाही. “काय कधीपासून?”

“मशीन.”

“दीड वर्ष झालं, काका.”

“रोज?”

“रोज.”

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. शब्द शोधताना त्यांच्या कपाळाची शीर फुगायची, ती फुगली. मी म्हटलं, नका बोलू, राहू दे. त्यांनी डाव्या हाताने मला गप्प केलं, पूर्वी गाडी शिकवताना करायचे तसं.

“मी… थांबायचो,” ते म्हणाले. “कप… भरून. तू… उठलीस… की मग. चहा.” पुढचा शब्द येईना. त्यांनी हाताने दाखवलं, एकदा स्वतःकडे, एकदा माझ्याकडे. मग तो सापडला. “बरोबर.”

मी कधी त्यांना विचारलं नव्हतं, की साडेसातच का. दीड वर्ष काका रोज माझ्याबरोबर चहा घेत होते, आणि मी झोपलेली होते.